बुधवार सोडून

आमच्या वन्संना तुम्ही ओळखत नसाल तर नुकसान तुमचं आहे, हे आधीच सांगून ठेवते.

वन्सं म्हणजे माझी नणंद. हल्ली नणंदेला कोणी वन्सं म्हणत नाही, मला माहीत आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी चिडवायला म्हणून सुरू केलं. "अहो वन्सं, जरा पाय वर घ्या, केर काढतेय." त्या पाय वर घ्यायच्या आणि हातातल्या पुस्तकातून डोकं न काढता म्हणायच्या, "वहिनी, पलंगाखालचा राहिला." तेव्हापासून त्या वन्सं आणि मी वहिनी. त्या माझ्याहून सहा महिन्यांनी मोठ्या, म्हणून मी अहो-जाहो करते, त्या मला अगं-तुगं करतात. आमचं दोघींचं जेवढं पटतं तेवढं माझं नवऱ्याशीही पटत नाही. हवं तर त्यांना विचारा.

वन्संना मनाचा आजार आहे. आता हे मी असं सरळ बोलते, पण एवढं एक वाक्य जिभेवर यायला मला कित्येक वर्षं लागली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला त्यांची झोप उडाली ती उडालीच. मग शेजारच्या खोलीत आपल्याबद्दल कोणीतरी बोलतंय असं वाटायला लागलं. शेजारच्या खोलीत सासूबाईंचं शिलाई मशीन आणि गाद्यांचा ढीग, दुसरं कोणी नाही. तेव्हापासून औषधं चालू आहेत. रोज झोपताना दोन गोळ्या. दर बुधवारी सकाळी मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांची भेट, त्यानंतर तिथल्याच इतर पेशंटबरोबर गोल बसून तासभर बोलणं, आणि एक बुधवार सोडून इंजेक्शन. हे नीट चाललं की वन्सं तुमच्या-माझ्यासारख्या, खरं तर तुमच्या-माझ्यापेक्षा बऱ्या. फक्त त्या गोळ्यांमुळे सकाळी नऊपर्यंत त्यांना कोणी उचलून दुसऱ्या घरात ठेवलं तरी कळायचं नाही. आणि उठल्या तरी दहापर्यंत बोलण्यात राम नसतो. एकदा साडेआठला मी विचारलं, "वन्सं, चहा घेणार?" तर डोळे मिटूनच म्हणाल्या, "शनिवारी."

आता मला सांगा, अकराला सुरू होणारी आणि बुधवारी सुट्टी देणारी नोकरी जगात कुठे असते?

शोधली हो आम्ही. पहिली मिळाली ती औषधांच्या दुकानात, काउंटरवर. दुकान साडेआठला उघडायचं. वन्सं रिक्षात झोपायच्या, उतरून काउंटरवर झोपायच्या, आणि तिसऱ्या दिवशी मालकाने हात जोडले. दुसरी एका कंपनीत फोन घ्यायची. ते काम त्यांना छान जमायचं, आवाज गोड आहे त्यांचा. पण दर बुधवारी अर्धा दिवस कशाला लागतो म्हणून साहेबाने दाखला मागितला. दाखल्यावर दवाखान्याच्या विभागाचं नाव, विभागाच्या नावात आजाराचं नाव. साहेबाने तो दोनदा वाचला, घडी घालून परत दिला आणि फार प्रेमाने म्हणाला, "उद्यापासून आराम करा." मेल्याच्या त्या प्रेमाचा मला अजून राग येतो.

तिसऱ्या नोकरीचं बोलायला नको वाटतं, पण सांगते. कपड्यांच्या कारखान्यात पॅकिंगचं काम होतं, दुपारची पाळी. सगळं जमत होतं, फक्त बुधवारी सगळ्यांना सकाळी बोलवायचे. वन्संनी काय करावं? आम्हाला सांगायच्या दवाखान्यात चालले, आणि जायच्या कारखान्यात. असे सहा बुधवार गेले. तीन इंजेक्शनं बुडली, आणि आम्ही तिघं डोळे उघडे ठेवून आंधळे. सातव्या आठवड्यात त्या कारखान्याच्या गोदामात खोक्यांच्या मागे सापडल्या, कान दाबून बसलेल्या. पुढचे दोन महिने वॉर्डात. पहिला आठवडा मला ओळखत नव्हत्या. मी चमच्याने भरवायला गेले की तोंड फिरवायच्या आणि नर्सला विचारायच्या, ही बाई कोण आहे. घरी येऊन मी न्हाणीघरात नळ सोडून रडायचे. ते दोन महिने मला पुन्हा नकोत.

त्यानंतर सासूबाईंनी जाहीर केलं, "आता नोकरी नाही. दोन वेळचं मिळतंय ना घरात?"

वन्सं म्हणाल्या, "आई, खाऊन झाल्यावर मी काय करू? भिंती मोजू? मोजल्या. चारच आहेत."

त्या हसत म्हणाल्या, पण मी त्यांचं तोंड बघत होते. काम पाहिजे होतं हो त्यांना. आपल्याला सुट्टी पाहिजे असते तसं त्यांना काम पाहिजे होतं. आणि कामासाठी औषध सोडलं की माणूस हातचं जातं, हे आम्ही नुकतंच बघितलेलं. त्यामुळे घरात कोणी नोकरीची जाहिरात मोठ्याने वाचली तरी मी पेपर हातातून काढून घ्यायचे.

मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते. वर्ष संपलं की जुनी हजेरीपुस्तकं बांधून घ्यावी लागतात. त्या वर्षी गठ्ठे मोठे होते म्हणून वन्संना मदतीला घेऊन बाइंडरकडे गेले. एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर लांबोडकी खोली. मध्ये मोठं टेबल, एका बाजूला पुस्तकं दाबून ठेवायची लोखंडी यंत्रं, कोपऱ्यात स्टोव्हवर खळीचं पातेलं, आणि दाराशी कागद कापायचं मशीन. त्या मशीनवर एक म्हातारा. त्याला सगळे कटरमामा म्हणायचे, आणि तो कोणालाही मशीनच्या दोन हात जवळ येऊ द्यायचा नाही. मालक स्वतः शिवायला बसलेले. साठीचा माणूस, शर्टाच्या बाह्यांवर वाळलेली खळ, कपाळावर चष्मा, आणि तो शोधायला दोन्ही हात टेबलावर.

मी पावती करून घेत होते. वन्सं मालकांच्या खांद्यामागे उभ्या राहून बघत होत्या. एकाएकी म्हणाल्या, "तुमचा चौथा फर्मा उलटा लागलाय."

फर्मा म्हणजे घडी घातलेल्या पानांचा जुडगा. असे फर्मे एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक होतं. मालकांनी वळून बघितलं, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला, पानं चाळली. उलटाच होता.

"तीस वर्षांत असं झालं नाही," मालक म्हणाले.

"बाकीच्यांनी वाचून बघितलं नसेल," वन्सं म्हणाल्या.

कटरमामा मशीनमागून खो-खो हसला. मालकांना राग यायला हवा होता, पण त्यांनी सुई पुढे केली. म्हणाले, "बसा. शिवून दाखवा."

गोळ्यांमुळे वन्संचा हात जरा थरथरतो. चहाचा कप आम्ही त्यांना पाऊणच भरून देतो. पण त्या दिवशी सुई हातात घेतली आणि थरथर थांबली. का, ते मी डॉक्टरांनाही विचारलं, त्यांनाही सांगता आलं नाही. वन्संनी एक फर्मा शिवला, दुसरा शिवला, तिसरा शिवला. पावती कधीच झाली होती. मी उभी होते आणि त्या शिवत होत्या.

मालकांनी विचारलं, "सकाळी किती वाजता येऊ शकाल?"

"अकरा," वन्सं म्हणाल्या.

"चालेल. त्याच्या आधी येऊन काय करणार? खळ शिजायला अकरा वाजतातच."

"आणि बुधवारी येता येणार नाही."

"का?"

वन्संनी श्वास घेतला. मी बघितलं, त्या सांगणार होत्या. आणि माझ्या डोळ्यांपुढे दाखल्याची ती घडी आली. उचलली जीभ लावली टाळ्याला, मी बोलून गेले, "दातांचं काम चाललंय त्यांचं. दर बुधवारी."

तर असं आमच्या वन्संचं काम सुरू झालं, एका दातावर.

पहिले काही आठवडे मी फार खूश होते. वन्सं घरी यायच्या त्या खळीचा वास घेऊन. बोटांना दोऱ्याचे वळ. जेवताना सांगायच्या, आज एका वकिलाचं पुस्तक आलं होतं, त्यात वाळलेली माशी निघाली, कटरमामा म्हणाला फी वसूल करून मेली असणार. हसता हसता पाणी सांडायच्या. बुधवार चुकत नव्हता, इंजेक्शन चुकत नव्हतं. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते, कॅलेंडरवर खुणा करत होते.

पण मालक होते जिव्हाळ्याचे, तिथेच घोटाळा झाला. दाताचं दुखणं म्हणून ते चहाबरोबर वन्संपुढे मऊ बिस्किटं ठेवायचे. दर गुरुवारी विचारायचे, "काल किती काढले?" वन्संना खोटं बोलता येत नाही, त्या नुसतं "हं" म्हणायच्या. मालक आपले हिशेब धरत गेले. चौथ्या महिन्यात कटरमामाने विचारलंच, "बाई, एकूण दात किती होते म्हणायचे तुम्हाला?"

आणि आमच्या घरचे लोक! एक ना धड. मी दात सांगितलेत हे मी घरात कोणाला बोलले नव्हते. आमचे हे मालकांना रस्त्यात भेटले, बुधवारचा विषय निघाला, तर यांनी आपल्या अकलेने सांगितलं, आईला गुडघ्याच्या व्यायामाला घेऊन जाते. सासूबाईंनी एकदा मालकांचा फोन उचलला, तर त्यांनी सांगितलं, ती शिकवणीला जाते, भाषा शिकते. कोणती भाषा ते त्यांनाही माहीत नव्हतं. आम्ही तिघं तीन तऱ्हेचं खोटं बोललो आणि तिघांनाही वाटलं, आपण वन्संना वाचवलं.

एका बुधवारी दुपारी बारा-साडेबाराला बेल वाजली. शाळेला सुट्टी होती म्हणून मी घरी होते. दार उघडलं तर मालक. हातात पिशवी, पिशवीत थर्मास.

"सूप आणलंय बाईंसाठी. गाळलेलं आहे, चावायला नको." बोलत होते माझ्याशी आणि बघत होते माझ्या खांद्यावरून आत. "आहेत का?"

"डॉक्टरकडे गेल्यात."

"दातांच्या?"

"दातांच्याच."

तेवढ्यात आतून सासूबाई, "कोण गं? शिकवणीहून आली का ती?"

मालक माझ्याकडे बघत राहिले. मी मालकांकडे. मग ते हळूच म्हणाले, "आणि तुमचे मिस्टर म्हणाले होते, बुधवारी आईंना गुडघ्यांसाठी नेते. आई तर घरातच दिसतायत."

माझी जी भंबेरी उडाली म्हणता! मी म्हटलं, "आत या ना, बसा, पाणी देते." पाणी आणायला गेले ती दोन मिनिटं स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. बाहेर सासूबाई मालकांना गुडघ्यांबद्दल सांगत होत्या. त्यांचे गुडघे ठणठणीत आहेत.

आणि नेमक्या तेव्हाच वन्सं आल्या. दवाखान्याच्या फाटकाशी एक म्हातारी भाजलेले शेंगदाणे विकते, इंजेक्शन झालं की वन्सं पुडी घेतात, तो त्यांचा नेम आहे. कडाकडा शेंगदाणे खात आत आल्या, मालकांना बघून थांबल्या, आणि तोंडात होते ते मात्र चावून संपवले.

मालक उठून उभे राहिले. चेहरा पडलेला. म्हणाले, "बाई, मला फक्त एक सांगा. बुधवारी तुम्ही त्या चौकातल्या मोठ्या बाइंडरकडे जाता ना? सरळ सांगा. तुमच्यासारखा हात बघितला की कोणीही बोलावणार. मी समजू शकतो. पण मग हे दात कशाला?"

बघा आता. म्हणजे हा माणूस सूप घेऊन ताकाला जाऊन भांडं लपवत होता. चार महिने त्याच्या मनात दुसरीच भीती होती.

मी तोंड उघडलं. वन्संनी माझ्याकडे बघितलं, नुसतं बघितलं, आणि मी मिटलं. त्यांनी पुडी टेबलावर ठेवली, खुर्ची ओढून मालकांच्या समोर बसल्या.

"मालक, माझे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत. मी बुधवारी मोठ्या दवाखान्यात जाते. मनाच्या आजाराच्या विभागात. वयाच्या एकविसाव्या वर्षापासून जाते. तिथे इंजेक्शन घेते, डॉक्टरांशी बोलते. ते चुकलं की मला नसलेले आवाज ऐकू येतात आणि मी लोकांना ओळखत नाही. ते चुकलं नाही की मी तुमची पुस्तकं शिवते. एवढंच आहे."

मालक खाली बसले. थर्मासचं झाकण घट्ट केलं. मग म्हणाले, "म्हणजे चौकातल्या त्याच्याकडे नाही."

"नाही."

"नक्की?"

"त्याची शिलाई बघितलीय का तुम्ही? मी नाही जाणार."

मला वाटलं, जीव भांड्यात पडला. पण नाही. मालकांनी मान वर केली आणि तो प्रश्न विचारला, जो कोणी ना कोणी विचारतोच. "बाई, आपल्याकडे सुया आहेत, आऱ्या आहेत. कटिंग मशीन आहे. काही... म्हणजे, भीतीचं काही?"

वन्संच्या गालावरचा रंग गेला, ते मला दिसलं. पण आवाज तसाच. "चार महिने सुया माझ्याच हातात आहेत. तुम्ही बघताय."

मालक उठले. दाराशी जाऊन माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "वहिनीबाई, तुम्ही शाळेत काम करता ना?" आणि गेले. थर्मास तिथेच राहिला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मला तसं झालं की मी भांडते, हा माझा स्वभाव. मी चपला शोधायला लागले, आत्ता जाते आणि विचारते त्यांना, समजतात कोण स्वतःला. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, बस खाली."

"अहो पण वन्सं..."

"बस. मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगणार होते. तू माझ्या आधी तोंड उघडलंस. प्रत्येक वेळी उघडतेस. मला वाचवायला म्हणून उघडतेस, मला कळतं. पण आज त्यांना आजाराचा राग नव्हता आला. दातांचा आला होता."

इतक्या वर्षांत वन्सं मला एवढं कधी बोलल्या नव्हत्या. मी चपला शोधायचं सोडलं आणि बसले. थोड्या वेळाने त्यांनीच शेंगदाण्यांची पुडी माझ्यापुढे सरकवली. आम्ही दोघींनी मिळून संपवली, आणि सूपही आम्हीच प्यायलो.

दुसऱ्या दिवशी वन्सं दहाला तयार होत्या. मी म्हटलं, "जाणार?" तर म्हणाल्या, "काढून टाकलं असं कोणी म्हणालं का मला?" त्या गेल्या. शाळेची सुट्टी होतीच, पण मला काही घरी बसवेना. थर्मास घासून पुसून घेतला, परत द्यायला म्हणून निघाले.

खोलीच्या दारात पोचले तेव्हा वन्सं टेबलाशी उभ्या होत्या, बसल्या नव्हत्या. मालक त्यांच्या जागेवर बसलेले. समोर वाचनालयाचा मोठा शब्दकोश, वन्संनी मंगळवारी अर्धा शिवून ठेवलेला. शुक्रवारी द्यायचा होता. मालकांच्या हातात कात्री, टेबलावर उसवलेला दोरा.

मालक कोणाकडेच न बघता बोलत होते. "सकाळी आठला आलो. म्हटलं मीच पुरा करतो. तीन फर्मे शिवले. माझा हात घट्ट, तुमचा सैल. एका पुस्तकात दोन हातांचा ताण आला की पाठ वाकडी होते. माझ्या वडिलांचा नियम होता, ज्याने सुरू केलं त्यानेच संपवायचं. मग उसवले तिन्ही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "उसवता उसवता विचार केला. मी काल ते सुयांचं विचारलं, ते विचारायला नको होतं."

कटरमामा मशीनमागून म्हणाला, "अहो, मग उठा ना त्यांच्या जागेवरून."

मालक उठले. वन्सं बसल्या, दोरा ओवला. मी थर्मास दाराशी ठेवला आणि कोणाला न दिसता परत आले. आल्यावर सासूबाईंना मिठी मारली, तर त्या म्हणाल्या, "अगं, काय झालं? गुडघ्याला लागलं का?"

संध्याकाळी वन्सं आल्या आणि म्हणाल्या, "मालकांनी कामाची घडी बदलली. मंगळवारी संध्याकाळी सगळी शिवलेली पुस्तकं खळ लावून दाबात ठेवायची. बुधवारभर ती वाळतात. शिवायला काही नसतंच."

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. मधल्या काळात वन्संनी किती पुस्तकं शिवली असतील कोण जाणे. शाळेची हजेरीपुस्तकं आता त्याच शिवतात आणि मला सांगतात, तुमच्या मास्तरांचं अक्षर फार वाईट आहे. कधी कटरमामाशी भांडण होतं, कधी मालक चिडतात, वन्संही फुगून येतात. नोकरी म्हटल्यावर हे आलंच. मला तर त्यांचं ते कुरकुरणं ऐकायला फार आवडतं, खोटं कशाला बोलू.

आणि मग या वर्षी डॉक्टरांनी इंजेक्शन बदललं. जुनं मिळेनासं झालं होतं. नवं लागू पडायला वेळ लागेल म्हणाले. मी कॅलेंडरवर खुणा करत होते, वन्संच्या ताटात किती राहतंय बघत होते, आणि मला वाटत होतं सगळं ठीक आहे.

एका सोमवारी दुपारी शाळेत मालकांचा फोन आला. "वहिनीबाई, बाईंना घेऊन जायला या. घाबरू नका. त्यांनीच सांगितलंय."

मी कशी गेले मला आठवत नाही. वन्सं टेबलाशी बसल्या होत्या, हात मांडीवर. समोर एक पुस्तक. म्हणाल्या, "वहिनी, चार दिवस मी झोपले नाहीये. तुला सांगितलं नाही, तू घाबरतेस. आज बघितलं तर दोरा घट्ट ओढला जातोय. माझा हात असा नाही. तीनदा उसवलं, तीनदा घट्टच. अजून आवाज नाहीत. पण येतील. मला दवाखान्यात जायचंय, बुधवारपर्यंत थांबायला नको."

मला रडू फुटलं. मी एवढी डोळ्यांत तेल घालून बसलेली, आणि मला दिसलं नाही ते त्यांना त्यांच्या हाताने सांगितलं. आणि त्यांनी ते आधी मालकांना सांगितलं, मला नंतर. त्याचंही वाईट वाटलं. हो, वाटलं, आणि अभिमानही वाटला, आणि दोन्ही एकदम वाटलं की माणूस रडणार नाही तर काय करणार.

मालक म्हणाले, "किती दिवस?"

"तीन आठवडे. जास्तही लागतील."

मी मनात म्हटलं, आता म्हणतील. आता ते गोड बोलणं सुरू होईल. मालकांनी खण उघडला, चांगल्यातला एक कागद काढला आणि वन्संपुढे ठेवला. "मग अर्ज करा रजेचा. तोंडी नाही चालणार."

कटरमामा म्हणाला, "तीस वर्षांत मला कधी अर्ज मागितला नाही."

"तू कधी रजा घेतलीस?" मालक खेकसले.

वन्संनी अर्ज लिहिला. अक्षर हललेलं होतं, पण लिहिला. मालकांनी खाली 'मंजूर' असं लिहून सही केली, त्याची एक नक्कल करून वन्संच्या हातात दिली, आणि समोरचं पुस्तक उचलून कपाटात ठेवलं. म्हणाले, "याला कोणी हात लावणार नाही. गिऱ्हाइकाला मी सांगतो, थांब म्हणून."

दवाखान्यात भरतीच्या खिडकीशी रांग होती. वन्सं बाकावर बसल्या होत्या, डोळे लाल, पाय सारखा हलत होता. मी खिडकीशी उभी राहून माहिती देत होते. नाव, वय, पत्ता, आधी कधी दाखल होत्या का, सोबत कोण. खिडकीतला माणूस मान खाली घालून लिहीत होता.

"पेशंट काय करतात?"

आधी ज्या ज्या वेळी दाखल केलं, त्या रकान्यात मी एकच उत्तर दिलं होतं. घरीच असतात. ते इतकं पाठ होतं की तोंड उघडलंसुद्धा मी.

"बाइंडर," मागून आवाज आला. वन्सं बाकावरून उठून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. पर्समधून घडी घातलेला अर्ज काढून त्यांनी खिडकीत सरकवला. "सध्या रजेवर आहे."

त्या माणसाने अर्ज वाचला, परत दिला आणि रकान्यात लिहिलं. मी वाकून बघितलं, नीट लिहिलंय की नाही. नीट लिहिलं होतं.